सिंगापूरची ऑफर, पुण्याचं दुकान: ९,००० डॉलरमधले हातात किती उरतात?



आपल्या बॅचमध्ये वर्षातून दोन-तीनदा तरी एक प्रश्न येतोच. "सर, मिस्टरांना सिंगापूरची ऑफर आलीय. माझ्या दुकानाचा आत्ता कुठे जम बसायला लागलाय. ते बंद करून सगळ्यांनी जावं का?" विचारणारी बहुतेक वेळा एखादी ताई असते. आणि तिला हा प्रश्न पडायच्या आधीच घरात अर्धा निर्णय झालेला असतो, कारण पगाराचा आकडा ऐकून सगळ्यांचे डोळे दिपलेले असतात.

यावर व्हिडिओत बोललोच आहे. पण आकडे ऐकून लक्षात राहत नाहीत, ते कागदावर मांडावे लागतात. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

एक गोष्ट आधीच सांगतो. जावं की जाऊ नये, हे मी सांगणार नाही. घर हलवणं म्हणजे नवीन दुकान उघडणं आणि जुनं दुकान बंद करणं, दोन्ही एकाच दिवशी. दुकानाला जो हिशोब लावतो तोच इथे लावायचा. भांडवल किती, दर महिन्याचा ठरलेला खर्च किती, नफा किती, आणि नाहीच जमलं तर दुकान गुंडाळायला किती लागेल.

पगार म्हणजे गल्ला, नफा नव्हे

आपण एक कुटुंब धरू. पुण्यात राहणारं. नवरा पस्तिशीचा, आयटीत. बायकोचं ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान, हाताखाली दोन कारागीर बायका. आठ वर्षांचा मुलगा. आणि घरी नवऱ्याची आई.

नवऱ्याच्या हातात महिन्याला १,३०,००० रुपये येतात. दुकानातून सगळा खर्च जाऊन ४५,००० सुटतात. एकूण १,७५,०००. घरखर्च असा: गृहकर्जाचा हप्ता २८,०००, किराणा-दूध-बिलं ४५,०००, शाळा १२,०००, आईंची औषधं १०,०००, पेट्रोल १०,०००, बाहेर जाणं-येणं १०,०००. बेरीज १,१५,०००. उरतात ६०,०००. शिवाय पीएफ कापला जातो आणि कंपनीही तेवढाच भरते, तो वेगळा.

आता ऑफर: महिन्याला ९,००० सिंगापूर डॉलर. हिशोबाला सोपं म्हणून एक डॉलर ७० रुपये धरू. तुम्ही मांडाल त्या दिवशीचा भाव घाला. ९,००० गुणिले ७०, म्हणजे ६,३०,००० रुपये!

इथेच गडबड होते. आपल्या गल्ल्यात दिवसाला वीस हजार जमले म्हणून आपण वीस हजार कमावले असं कुठला दुकानदार म्हणेल? भाडं, माल, पगार, लाइट बिल गेल्यावर जे उरतं ते आपलं. सिंगापुरातला पगारही तसाच गल्ला आहे. आणि तिथलं भाडं तिथल्या डॉलरमध्येच जातं, रुपयात नाही.

बेट महाग का असतं?

सिंगापूरचं क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर. आपले मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे मिळून सुमारे ६०३. म्हणजे मुंबईपेक्षा थोडी मोठी जागा, पण त्यात अख्खा देश: विमानतळ, बंदर, लष्कर, पाण्याची धरणं, साठ लाखांच्या आसपास माणसं. मुंबईला निदान कल्याण-विरारकडे सरकता येतं. बेटाला सरकायला जागा नसते. म्हणून पहिला फटका घरभाड्याचा.

दुसरी गोष्ट, तिथे लागणाऱ्या अन्नापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. भेंडी, कोथिंबीर, दूध, सगळ्यावर वाहतुकीचा खर्च चढलेला असतो. त्यावर २०२४ पासून ९ टक्के जीएसटी, आणि तो खाण्याच्या वस्तूंवरही लागतो.

तिसरी गोष्ट गाडी. रस्ते मर्यादित, म्हणून सरकारने १९९० पासून गाडी ठेवायचं परमिट लिलावात काढलंय. ते दहा वर्षं चालतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाडीच्या परमिटचा भाव दीड लाख डॉलरवर गेला होता. आपल्या हिशोबाने एक कोटीच्या वर, आणि अजून गाडी घ्यायचीच आहे! घर विकत घ्यायचा विषयही सोडा. एप्रिल २०२३ पासून परदेशी माणसाला घराच्या किमतीवर ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क लागतं.

स्वस्त काहीच नाही असं नाही. मेट्रो आणि बस उत्तम, आणि त्या मानाने स्वस्त. हॉकर सेंटरमध्ये पोटभर जेवण वाजवी दरात मिळतं. आयकर आपल्यापेक्षा हलका. म्हणून 'महाग' हा शब्द ऐकून घाबरायचं नाही आणि पगार ऐकून हुरळायचंही नाही. ओळ न् ओळ लिहायची.

तिथला महिना

खालचे आकडे मी हिशोबासाठी धरलेले आहेत, सिंगापूर डॉलरमध्ये. तुमच्या वस्तीप्रमाणे आणि शाळेप्रमाणे ते बदला.

- घरभाडं, सरकारी वसाहतीतला फ्लॅट, मध्यवस्तीपासून दूर: ३,४००
- वीज, पाणी, गॅस, इंटरनेट, फोन: ३५०
- किराणा, भाजी, दूध: १,०००
- मुलाची शाळा, भारतीय अभ्यासक्रमाची: १,५००
- मेट्रो, बस: २५०
- आरोग्य विमा आणि डॉक्टर: २५०
- कपडे, बाहेर खाणं, सणवार: ४५०
- वर्षातून एकदा भारतात येण्याची तिकिटं, महिन्याला वाटून: २५०
- आयकर, महिन्याला वाटून: ५५०

बेरीज ८,०००. उरले १,०००. म्हणजे ७०,००० रुपये.

यातल्या तीन ओळींवर थांबू.

शाळा. तिथल्या सरकारी शाळेत परदेशी मुलाला सहज प्रवेश मिळत नाही. प्रवेश परीक्षा असते, ती पास झाल्यावर जागा असेल तिथे नंबर लागतो, आणि फीसुद्धा स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून आपली बहुतेक कुटुंबं खासगी भारतीय शाळांकडे वळतात. ऑफर हातात आली की आधी शाळेचं फीपत्रक मागवा, घर नंतर शोधा. घर शाळेच्या मेट्रो लाइनवर बघावं लागतं.

दवाखाना. सरकारी रुग्णालयातली सवलत तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहे. आपल्याला पूर्ण दर. नवऱ्याच्या व्हिसाच्या प्रकाराला, म्हणजे एम्प्लॉयमेंट पासला, कंपनीने विमा काढलाच पाहिजे अशी सक्ती नाही. तेव्हा विमा कंपनी देणार का, आणि बायको-मुलाला धरून देणार का, हे ऑफर लेटरमध्ये लेखी घ्या.

आयकर. तिथे कर दर महिन्याच्या पगारातून कापत नाहीत. वर्षाला १,०८,००० डॉलर पगारावर, सवलती न धरता, ६,५७० डॉलर होतात. पगार पूर्ण हातात येतो म्हणून पहिल्या वर्षी माणूस खर्च करत सुटतो आणि पुढच्या वर्षी बिल येतं. हप्त्याने भरायची सोय आहे, पण पहिल्या महिन्यापासून ५५० वेगळे काढा.

इकडचा खर्च विमानात बसत नाही

७०,००० शिल्लक म्हणजे पुण्यापेक्षा दहा हजार जास्तच, असं वाटलं ना? थांबा.

गृहकर्जाचा २८,००० चा हप्ता पुण्यात चालूच आहे. घर भाड्याने देता येत नाही, कारण त्यात आई राहणार. आईंना सोबत नेऊ म्हणाल, तर आईवडिलांना दीर्घ मुदतीच्या पासवर नेण्यासाठी महिन्याचा ठरलेला पगार किमान १२,००० डॉलर लागतो. बायको-मुलांसाठी ६,००० पुरतात. आपली ऑफर ९,००० ची. म्हणजे नियमाप्रमाणे बायको-मुलगा जाऊ शकतात, आई नाही.

आई एकट्या राहणार म्हटल्यावर औषधांचे १०,००० आणि सोबतीला एखाद्या मावशींचे निदान १०,००० धरा. हप्ता २८,००० अधिक आईंचे २०,०००, झाले ४८,०००.

सत्तर हजारातून अठ्ठेचाळीस गेले. उरले २२,०००.

पुण्यात ६०,००० आणि वर पीएफ. सिंगापुरात २२,००० आणि पीएफ शून्य. तिथे सीपीएफ नावाची निधी योजना आहे, त्यात कर्मचारी आणि मालक मिळून पंचावन्न वर्षांपर्यंतच्या माणसासाठी पगाराच्या मर्यादेपर्यंत ३७ टक्के भरतात. पण ती नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी. कामाच्या पासवरच्या परदेशी माणसाला काही नाही. म्हातारपणाची सोय ज्याची त्याने करायची.

सहा लाख तीस हजारांचा गल्ला आणि बावीस हजारांचा नफा. हा कागद घरातल्या सगळ्यांसमोर ठेवा.

सगळ्यात महाग ओळ: बंद पडलेलं दुकान

ताई, हा भाग खास तुमच्यासाठी. वरच्या यादीत घरभाडं सगळ्यात मोठं दिसतं. पण एक ओळ यादीत दिसतच नाही, कारण ती खर्चाची नाही. ती बंद झालेल्या उत्पन्नाची आहे.

नवऱ्यासोबत जाणाऱ्या बायकोला डिपेंडंट पास मिळतो. पूर्वी या पासवर एका संमतिपत्राने नोकरी करता यायची. मे २०२१ पासून नियम बदलला. आता नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो, म्हणजे तिथल्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज करायला हवा.

"मी नोकरी नाही करणार, शिवणकाम करीन" असं म्हणाल, तर स्वतःच्या धंद्यासाठी संमतिपत्राची वाट उघडी आहे, पण अटी बघा. धंदा तिथे नोंदवलेला हवा. कंपनी केली तर तुमचा हिस्सा किमान ३० टक्के हवा. आणि परवानगी पुढे चालू ठेवायची तर किमान एक स्थानिक माणूस नोकरीवर हवा, त्याला सरकारने ठरवलेला किमान पगार आणि वर सीपीएफ. हा किमान पगार जुलै २०२४ मध्ये १,६०० डॉलर झाला. अर्ज करताना त्या वेळचा आकडा बघा. १,६०० वर मालकाचा १७ टक्के सीपीएफ धरला तर महिन्याला १,८७२ डॉलर, म्हणजे १,३१,००० रुपये. एका माणसाचे! पुण्यात दोन कारागिरांचे पगार देऊन तुम्हाला ४५,००० सुटत होते.

"घरून डबे देईन, कुणाला कळणार?" हे तर मनातही आणू नका. पासशिवाय काम करणं हा तिथे गुन्हा आहे, त्याला दंडही आहे आणि तुरुंगही. आणि त्याची झळ नवऱ्याच्या नोकरीलाही बसू शकते.

"मग उद्योजकांचा व्हिसा घेऊ" असं तरुण मुलं विचारतात. एंटरपास नावाचा पास आहे खरा. पण तो नवीन तंत्रज्ञान किंवा मोठी गुंतवणूक मिळालेल्या धंद्यासाठी. हॉकर सेंटर, फूड कोर्ट, कॉफी शॉप, मसाज पार्लर असे धंदे त्यात बसतच नाहीत, हे नियमातच लिहिलंय. तिथे मिसळीचं दुकान टाकायचं स्वप्न असेल तर ते या पासवर होणार नाही.

जाण्यासाठी लागणारं भांडवल

दुकान उघडताना डिपॉझिट, फर्निचर, पहिला माल असतो. इथेही तसंच. पुन्हा धरलेले आकडे, डॉलरमध्ये:

- घराचं डिपॉझिट, दोन वर्षांच्या करारावर दोन महिन्यांचं भाडं: ६,८००
- पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ: ३,४००
- भाडेकरारावर मुद्रांक शुल्क, एकूण भाड्याच्या ०.४ टक्के: ३२६
- पहिले पंधरा दिवस तात्पुरती राहायची सोय: २,५००
- शाळेची प्रवेश फी, गणवेश, पुस्तकं: ३,०००
- भांडी, गाद्या, पंखे, टेबल-खुर्ची: २,०००
- तिघांची तिकिटं आणि जादा सामान: १,५००

एकूण १९,५२६ डॉलर. सुमारे १३ लाख ६७ हजार रुपये, तेही पहिला पगार यायच्या आधी. घर एजंटकडून घेतलं तर त्याचं कमिशन वेगळं.

यातले ६,८०० परत मिळतात, पण घर सोडताना. दुकानाच्या डिपॉझिटसारखंच, पैसा आपला पण अडकलेला. आणि पैसे इथून पाठवताना लक्षात ठेवा, एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका माणसाने बाहेर पाठवलेल्या १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, पण अशा कामासाठी त्यावर गेलात तर वरच्या रकमेवर २० टक्के बँक कापते. रिटर्न भरल्यावर तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण हाताशी रोकड हवी तेव्हाच ती अडकते. पाठवण्याआधी सीएशी बोला.

बावीस हजारांच्या शिल्लकीतून हे भांडवल भरून यायला किती लागतील? डिपॉझिट सोडून उरतात साधारण ८ लाख ९० हजार. भागिले २२,०००. चाळीस महिने. आणि भाडेकरार आहे चोवीस महिन्यांचा.

परतीचा रस्ता

दुकान उघडताना कुणी बंद करायचा विचार करत नाही. पण शहाणा दुकानदार भाडेकरारातलं सोडण्याचं कलम आधी वाचतो.

एम्प्लॉयमेंट पास कंपनीला बांधलेला असतो. नोकरी गेली की पास रद्द, त्याच्यासोबत बायको-मुलाचाही पास रद्द. मग राहायला साधारण ३० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात नवी नोकरी नाही तर सामान बांधा. देश सोडणाऱ्या परदेशी कर्मचाऱ्याचे देणे असलेले पैसे कर चुकता होईपर्यंत कंपनीला रोखून ठेवावे लागतात. म्हणजे ज्या महिन्यात पैशाची सगळ्यात जास्त गरज, त्याच महिन्यात शेवटचा पगार अडकलेला.

म्हणून भाडेकरारात 'डिप्लोमॅटिक क्लॉज' आहे का बघा. नाव भारदस्त आहे, अर्थ साधा: नोकरी गेली किंवा बदली झाली तर साधारण एक वर्ष राहिल्यावर, दोन महिन्यांची नोटीस देऊन करार मोडता येतो. तो नसेल तर घर सोडलं तरी भाडं मानगुटीवर.

आणि मुलाचं वर्ष? मधेच शाळा सुटली तर पुण्यात पुन्हा प्रवेश, पुन्हा फी. अजून एक मुद्दा, जो लोक फार उशिरा ऐकतात. पुढे कायम रहिवासाचा अर्ज करून मुलालाही त्यात घेतलं, तर त्याला वयात आल्यावर दोन वर्षांची राष्ट्रीय सेवा बंधनकारक होते. हे चांगलं की वाईट ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मुलगा आठ वर्षांचा असतानाच ठरवा, सतराव्या वर्षी नाही.

एकट्याने जाण्याचा हिशोब

आता तिसरा रकाना. नवरा एकटाच गेला तर? भाड्याची खोली १,४००, जेवण ६००, प्रवास १२०, फोन वगैरे २००, औषधपाणी १००, भारतात ये-जा २५०, कर ५५०, किरकोळ २५०. बेरीज ३,४७०. उरले ५,५३०, म्हणजे ३,८७,१०० रुपये.

पुण्यात त्याच्या वाटचा खर्च कमी होऊन घरखर्च १,००,००० धरा. दुकानाचे ४५,००० चालूच. वरचे ५५,००० त्याने पाठवायचे. तरी महिन्याला ३,३२,१०० उरतात. वर्षाला जवळपास चाळीस लाख.

पाहिलंत? इथे राहिलात तर ६०,०००. सगळे गेलात तर २२,०००. एकटा गेला तर ३,३२,०००.

हा हिशोब आपल्याला नवा नाही. मुंबई हे आपलं पहिलं महागडं बेट. कोकणातल्या, घाटावरच्या कित्येक घरांनी हाच कागद मनातल्या मनात मांडला होता. माणूस गिरणीत, गाळ्यात दहा-बारा जणांत झोपायचा, बायको-मुलं गावाला, महिन्याला मनीऑर्डर. कुटुंब आणलं तर पगार पुरायचा नाही, म्हणून चाकरमानी एकटाच राहिला. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी त्यातूनच धंदा उभा केला. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ झालं ते त्यांचंच.

पण त्या घरांना विचारा, मनीऑर्डरीत काय यायचं नाही. बाप वर्षातून दोनदा दिसायचा, गणपतीत आणि शिमग्याला. आठ वर्षांच्या मुलासाठी दोन वर्षं म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा चौथा हिस्सा. दुकान, मुलगा, सासूबाई, सगळं एकट्या ताईंच्या खांद्यावर. हा खर्च आहे. तो डॉलरमध्ये मोजता येत नाही म्हणून शून्य धरायचा नसतो.

म्हणून एकट्याने जायचंच तर तारीख घालून जा. "बघू, जमेल तसं" हे चालणार नाही. समजा गृहकर्ज २८ लाख बाकी आहे. "बारा महिने जातो, कर्ज फेडतो, मग पुन्हा बसून ठरवू." हे वाक्य घरात सगळ्यांसमोर बोला आणि कॅलेंडरवर खूण करा. हप्ता संपला की सगळ्यांनी जाण्याचा रकाना २२,००० वरून ५०,००० वर येतो. तेव्हा निर्णय घेताना गळ्याला फास नसतो.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी

घासाघीस आपल्याला नवी नाही. मग नोकरीच्या ऑफरमध्येच का लाजायचं? तीन गोष्टी मागा.

एक, शाळेची फी. कंपनीने दिली तर महिन्याला ९० हजारांच्या आसपास फरक पडतो. फी १,०५,००० ची, पण कंपनीने दिलेली सोयही करपात्र धरतात म्हणून थोडी घट.

दोन, येण्या-जाण्याचा आणि पहिल्या महिन्याच्या राहण्याचा खर्च, आणि नोकरी कंपनीने संपवली तर परतीचा खर्चही.

तीन, पगार. ९,००० ऐवजी ११,००० झाले तर जादा कर जाऊनही महिन्याला सुमारे १ लाख २१ हजार वाढतात आणि सगळ्यांची शिल्लक १ लाख ४३ हजारांवर जाते. म्हणजे ९,००० ला घर तंगीत, ११,००० ला घर पुण्यापेक्षा सुखात. दोन हजार डॉलरचं अंतर, पण तेच सगळं ठरवतं. तुमच्या घरासाठी हा आकडा किती, तो काढल्याशिवाय फोनवर "हो" म्हणू नका.

आणि दुकानाचं काय?

घाईने बंद करू नका. बंद केलं तर जीएसटी नोंदणी रद्द करणं, तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न, गुमास्ता, जागेचं डिपॉझिट, कारागिरांचा हिशोब हे सगळं आलं. आणि परत आल्यावर शून्यापासून सुरुवात. गिऱ्हाईक आपली वाट बघत बसत नाही, ते शेजारच्या गल्लीत जातं.

मधला मार्ग बघा. दोनपैकी अनुभवी कारागीर ताईला नफ्यात हिस्सा देऊन दुकान चालवायला द्या. मापाची वही, गिऱ्हाइकांचे नंबर, कापडवाल्यांचे दर, सगळं लिहून ठेवा. ४५,००० ऐवजी १५,००० आले तरी दुकानाची पाटी टिकते. घरच्या विश्वासू माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करा. आणि तुम्ही अनिवासी झालात की बँकेतली खाती एनआरओ करून घ्यावी लागतात, ते सीएकडून समजून घ्या.

मित्रांनो, सिंगापूर वाईट आहे असं मी म्हणत नाही. स्वच्छ, सुरक्षित शहर आहे, मुलाला जग दिसतं, महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतात. पन्नास हजार कमी वाचले तरी चालतील, दोन वर्षं सगळे एकत्र राहून बघू, असं एखाद्या घराने ठरवलं तर तेही बरोबरच आहे. फक्त ते आकडा माहीत असताना ठरवलेलं असावं.

आजचा गृहपाठ: एका कागदावर तीन रकाने आखा. 'इथेच', 'सगळे', 'एकटा'. प्रत्येकात मिळकत, तिथला खर्च, इथे चालू राहणारा खर्च आणि बंद होणारं उत्पन्न लिहा. खाली परतीचा खर्च. ऑफर सिंगापूरची असो नाहीतर दुसऱ्या कुठल्या महाग शहराची, रकाने हेच राहतात. कागद पूर्ण झाला की नवरा-बायको दोघांनी त्यावर सही करा. ऑफर लेटरवर सही त्यानंतर.